दाबाचे गणित आणि सांध्याची राखण

जुन्या दिल्लीतील काश्मिरी गेटचा परिसर मोटारींच्या सुट्या भागांच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. तेथील एखाद्या दुकानाशी येऊन टॅक्सीवाला आपल्या डिझेल मोटारीसाठी हेड गॅस्केट मागतो, तेव्हा जाणता दुकानदार फळीवरच्या मालाला हात लावण्यापूर्वी एक प्रश्न विचारतो : ‘किती भोकांचे?’ गिऱ्हाईक गोंधळते. त्याच्या लेखी गॅस्केट म्हणजे इंजिनाचे दोन अवजड भाग जोडताना मध्ये घालावयाचा एक पातळ पत्रा. गाडीचे नाव सांगितले की तो मिळावा, एवढीच त्याची अपेक्षा. पत्र्याच्या कडेला पाडलेली एक, दोन किंवा तीन बारीक भोके ही त्या पत्र्याच्या जाडीची खूण असते, आणि ह्या जाडीत मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढाच फरक असतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. एवढ्या क्षुल्लक फरकाने काय बिघडणार, असे त्याला वाटले तर नवल नाही. परंतु ज्या इंजिनात हवा कोंबून भरली जाते, त्या इंजिनाचे आयुष्य पुष्कळदा ह्याच फरकावर अवलंबून असते.

हा प्रश्न समजण्यासाठी प्रथम इंजिनाच्या पोटात काय चालते ते पाहिले पाहिजे. सिलिंडर ही एक नळी. तिच्यात दट्ट्या, म्हणजे पिस्टन, खालीवर सरकतो. नळीच्या तोंडावर झाकण बसविलेले असते. त्यालाच कारागीर हेड म्हणतात. दट्ट्या तळाशी असताना त्याच्या वर जेवढी जागा असते आणि तो माथ्याला पोहोचल्यावर जेवढी उरते, त्या दोहोंच्या प्रमाणाला संपीडन-गुणोत्तर म्हणतात. कारखान्यातल्या बोलीत हेच ‘कॉम्प्रेशन’. जळण्यापूर्वी हवा जितकी अधिक दाबली जाईल, तितके तेवढ्याच इंधनातून अधिक काम निघते. म्हणून हे गुणोत्तर वाढविण्याकडे अभियंत्यांचा ओढा असणे स्वाभाविक आहे.

पण ह्या वाढीला मर्यादा आहे. हवा दाबली की तापते. पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि इंधन ह्यांचे मिश्रण दाबले जाते आणि मग ठिणगीने ज्योत पेटते. ज्योत सिलिंडरच्या एका भागातून दुसऱ्या भागाकडे सरकत असताना, अजून न जळलेले मिश्रण जर दाबाने आणि उष्णतेने आपण होऊनच पेटले, तर जे होते ते ज्वलन नव्हे, आघातच होय. हातोडीने ठोकल्यासारखा आवाज येतो. इंग्रजीतला ‘नॉक’ हा शब्द आपल्या कारागिरांनीही उचलला आहे. हा नॉक दट्ट्याला भोक पाडू शकतो आणि हेडच्या सांध्यातील पत्रा कडेने जाळू शकतो. डिझेलच्या इंजिनात नुसती हवाच दाबली जाते आणि तापलेल्या हवेत इंधन फवारून ते पेटविले जाते. तेथे ही अडचण वेगळ्या रूपाने येते : गुणोत्तर फार वाढविले तर दाब इतका चढतो की हेड, बोल्ट आणि सांधा ह्यांना तो सोसत नाही.

आता ह्यात सुपरचार्जरची भर पडली की हिशेब बदलतो. साधे इंजिन वातावरणातील हवा ओढून घेते. सुपरचार्जर असलेल्या इंजिनात एक पंखा हवा दाबून आत भरतो. हा पंखा इंजिनाच्याच फिरत्या दांड्यावर चालत असेल तर त्याला सुपरचार्जर म्हणतात. बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूच्या जोराने चालत असेल तर टर्बोचार्जर. एकाच आकाराच्या सिलिंडरात अधिक हवा मावू लागल्याने अधिक इंधन जाळता येते आणि शक्ती वाढते. परंतु दट्ट्याने दाबण्याआधीच हवा दाबली व तापली गेलेली असते. दिल्लीच्या उन्हाळ्यातील ४० अंशांची हवा वातावरणाच्या पावणेदोन पटींहून थोडी अधिक दाबली, तर ती पंख्यातून बाहेर पडतानाच शंभर अंशांच्या वर गेलेली असू शकते. म्हणून तिला थंड करणारा इंटरकूलर मध्ये बसवावा लागतो. आणि म्हणूनच, पेट्रोलच्या इंजिनात तर विशेष करून, हवा भरण्याचा जोर वाढविताना दट्ट्याने दाबण्याचे प्रमाण कमी ठेवावे लागते.

ह्या नियमाचे एक बोलके उदाहरण दिल्लीच्याच पालमला जतन झाले. भारतीय हवाई दलाचे संग्रहालय तेथे १९६७ साली स्थापन झाले, आणि त्यात दुसऱ्या महायुद्धातील हरिकेन हे लढाऊ विमान ठेवण्यात आले. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आपल्या वैमानिकांनी जी विमाने चालविली, त्यांत हरिकेनचा मोठा वाटा होता. त्याला रोल्स-रॉइसचे मर्लिन हे बारा सिलिंडरांचे, २७ लिटरचे, सुपरचार्जर असलेले इंजिन होते. मर्लिनचे संपीडन-गुणोत्तर अवघे ६ होते. आजच्या साध्या पेट्रोल मोटारीचे गुणोत्तरही १० ते १२ असते हे ध्यानात घेतले, म्हणजे हा आकडा किती लहान आहे ते कळेल. पण ही उणीव नव्हती, हिशेबीपणा होता. १९४० साली ८७ ऑक्टेनच्या पेट्रोलऐवजी १०० ऑक्टेनचे, म्हणजे नॉकला अधिक दाद न देणारे पेट्रोल मिळू लागले, तेव्हा सुपरचार्जरचा जास्तीचा दाब चौरस इंचाला सव्वासहा पौंडांवरून बारा पौंडांपर्यंत नेण्याची मुभा वैमानिकांना मिळाली, आणि कमी उंचीवर इंजिनाची शक्ती १३०० अश्वशक्तीच्या घरात गेली. पुढच्या आवृत्त्यांत हा दाब १८ पौंड आणि त्याहूनही वर चढला. एवढे सारे बदलले, पण ६ हे गुणोत्तर बदलले नाही. हवा किती भरावयाची हे इंधनाच्या गुणाप्रमाणे ठरत गेले. दट्ट्याने किती दाबावयाचे हे आराखड्यातच कायमचे ठरून गेले होते.

मर्लिनचा इतिहास सांध्याच्या दृष्टीनेही बोधप्रद आहे. आरंभीच्या मर्लिनमध्ये सिलिंडरांचा गट आणि त्यांचे हेड एकाच ओतीव तुकड्याचे होते. पुढे हे दोन भाग वेगळे करण्यात आले. सांधाच नसला तर तो गळण्याचा प्रश्न उरत नाही, हे खरे. पण एकसंध तुकडा ओतणे, दुरुस्त करणे आणि त्याची गळती थांबविणे ह्यांच्या अडचणी निराळ्या. शेवटी सांधा पत्करून तो नीट राखणे हेच अधिक शहाणपणाचे ठरले.

जमिनीवरच्या यंत्रांतही हाच विचार दिसतो. १९६२ साली अमेरिकेहून आलेले आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात तयार होऊ लागलेले डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल रेल्वे इंजिन दिल्लीजवळील तुघलकाबादच्या शेडमध्ये कारागिरांच्या पिढ्यांनी सांभाळले. त्याचे सोळा सिलिंडर टर्बोचार्जरच्या साहाय्याने २६०० अश्वशक्ती देत. त्याचे संपीडन-गुणोत्तर १२.५ होते; डिझेलच्या मानाने ते कमीच. आणि त्याच्या प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र हेड होते, त्यामुळे एका सिलिंडरचा सांधा बिघडला तर दुसऱ्याला हात लावावा लागत नसे. मोटारीच्या लहान इंजिनात ही चैन परवडत नाही. तेथे चारही सिलिंडरांवर एकच लांब हेड आणि एकच गॅस्केट असते, आणि म्हणून तेथे ह्या पत्र्याची निवड अधिक नाजूक होते.

दिल्लीच्या परिसरात ह्याचे सर्वांत परिचित उदाहरण मानेसरचे आहे. सुझुकीच्या तेथील कारखान्यात फियाटच्या आराखड्याचे १२४८ घनसेंटिमीटरचे टर्बो-डिझेल इंजिन तयार होत असे. जानेवारी २००७ मध्ये ते स्विफ्ट मोटारीत बसवून विक्रीला आले. त्याच जातीचे इंजिन पुण्याजवळील रांजणगावलाही तयार होई. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले आणि मारुतीने डिझेल मोटारी बनविणे थांबविले. पण तोवर विकल्या गेलेल्या गाड्यांची संख्या फार मोठी होती, आणि काश्मिरी गेटच्या दुकानातला तो प्रश्न अशाच गाड्यांनी मागे ठेवला आहे.

ह्या इंजिनाचेच आकडे घेऊन हिशेब करू. सिलिंडरचा व्यास ६९.६ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ८२ मिलिमीटर. म्हणजे दट्ट्या एका धावेत ३१२ घनसेंटिमीटर जागा झाडून घेतो. संपीडन-गुणोत्तर १७.६ आहे, त्यावरून दट्ट्या माथ्याला असताना त्याच्या वर सुमारे १८.८ घनसेंटिमीटर, म्हणजे चार लहान चमच्यांहूनही कमी जागा उरते. ह्या चिमूटभर जागेत गॅस्केटच्या जाडीचाही वाटा असतो. गॅस्केट मिलिमीटरच्या एकदशांशाने जाड घेतले, तर ही जागा सुमारे ०.३८ घनसेंटिमीटरने वाढते आणि गुणोत्तर १७.६ वरून १७.३ च्या जवळ येते. अर्धा मिलिमीटर जाड घेतले, तर ते १६.१ होते. पत्र्याच्या जाडीला एवढे मोल का, ते ह्या हिशेबावरून कळून येईल.

हाच हिशेब पाहून काही उत्साही लोकांच्या मनात एक युक्ती येते. टर्बोचार्जरचा जोर वाढवून गाडी अधिक वेगवान करण्याची हौस दिल्लीत अनेक तरुणांना असते. जोर वाढला की दाब वाढतो. तेव्हा जाड गॅस्केट घालून संपीडन उतरवावे, म्हणजे दोन्ही साधेल, असा हा विचार. वरवर तो बरोबर वाटतो. पण दट्ट्याचा माथा आणि हेड ह्यांच्यामध्ये जी अरुंद फट ठेवलेली असते, ती निव्वळ उरलेली जागा नसते, हे त्यात सुटून जाते. पेट्रोलच्या इंजिनात दट्ट्या वर येताना ह्या फटीतले मिश्रण जोराने मध्यभागी फेकले जाते. त्यामुळे मिश्रण घुसळले जाते, ज्योत वेगाने पसरते, आणि फटीत उरलेला थोडासा वायू थंड धातूच्या सान्निध्याने शांत राहतो. फट वाढवली की हे घुसळणे मंदावते आणि कडेचा वायू अधिक वेळ तापत राहतो. म्हणजे गुणोत्तर उतरूनही नॉकचा धोका अपेक्षेइतका कमी होत नाही. कधी कधी तो वाढतोही. डिझेलमध्ये ज्वलन दट्ट्याच्या माथ्यावर कोरलेल्या वाटीत होते. वाटीच्या बाहेरच्या फटीतील हवेपर्यंत इंधन नीट पोहोचत नाही. ती हवा वाया जाते. जाड गॅस्केटने ही वाया जाणारी हवा वाढते, धूर वाढतो, आणि जानेवारीच्या चार-पाच अंशांच्या पहाटे गाडी सुरू होण्याला कुरकुर करू लागते.

उलट बाजूने, पातळ गॅस्केट घालून संपीडन वाढविण्याचा मोहही तितकाच घातक. इंजिन तापले की धातू प्रसरण पावतो. वेगाने फिरताना दट्ट्याला धरणारा दांडा किंचित ताणला जातो. थंड इंजिनात पुरेशी वाटणारी फट तेव्हा नाहीशी होते आणि दट्ट्या हेडवर आदळतो.

ज्यांना संपीडन खरोखरच मोठ्या प्रमाणावर उतरवावयाचे होते, त्यांनी काय केले, हे दिल्लीच्या बसगाड्यांकडे पाहिले तर कळते. शहरातील सर्व बसगाड्या दाबलेल्या नैसर्गिक वायूवर चालवाव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९९८ मध्ये दिला, आणि मुदती वाढत वाढत २००२ अखेरपर्यंत तो अमलात आला. वायूचे इंजिन ठिणगीवर चालते. डिझेलइतके संपीडन त्याला सोसत नाही. ते साधारणतः १० ते १२ च्या आसपास ठेवावे लागते. मानेसरच्या इंजिनाचे आकडे पुन्हा घेतले, तर १७.६ वरून ११ वर यावयाला केवळ गॅस्केटने सव्वातीन मिलिमीटरची भर घालावी लागेल. असा पत्रा कोणताही सांधा राखू शकणार नाही. म्हणून डिझेलचे इंजिन वायूवर आणताना दट्ट्याच बदलतात. त्याच्या माथ्यावरची वाटी मोठी व वेगळ्या घडणीची करतात, फवाऱ्याच्या जागी ठिणगीची सोय करतात, आणि सांध्याजवळची फट मात्र अरुंदच ठेवतात. संपीडन ठरविण्याचे काम दट्ट्याच्या वाटीचे आहे, गॅस्केटचे नव्हे.

तर मग गॅस्केटचे काम कोणते? ते आहे राखणीचे, आणि ते सोपे नाही. एका सांध्यात त्याला तीन वाटा अलग ठेवाव्या लागतात : जळत्या वायूची, थंडाव्याच्या पाण्याची आणि वंगणाच्या तेलाची. टर्बो-डिझेलमध्ये ज्वलनाचा दाब वातावरणाच्या दीडशे पट धरला, तर ६९.६ मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरवरचे हेड सुमारे पावणेसहा टनांच्या जोराने उचलले जाऊ पाहते. मिनिटाला २००० फेऱ्यांच्या गतीला हा धक्का प्रत्येक सिलिंडरात मिनिटाला हजार वेळा बसतो. त्यात हेड ॲल्युमिनियमचे आणि खालचा ठोकळा बिडाचा असतो. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. म्हणजे प्रत्येक वेळी इंजिन तापते आणि निवते, तेव्हा हे दोन भाग एकमेकांवर किंचित घासतात, आणि त्या घासण्याच्या मधोमध हा पत्रा असतो.

गॅस्केटच्या द्रव्याची निवड ह्या कष्टांकडे पाहून करावी लागते. पूर्वी तांब्याच्या दोन पत्र्यांमध्ये ॲस्बेस्टॉस भरलेली गॅस्केटे सर्रास वापरीत. ॲस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसाला घातक असल्याचे सिद्ध झाल्यावर त्याची जागा ग्रॅफाइटसारख्या द्रव्यांनी घेतली. अशी मऊ गॅस्केटे थोडा खडबडीत पृष्ठभाग सांभाळून घेतात, पण सततच्या जबर दाबाखाली दबत जातात. निव्वळ तांब्याचे गॅस्केट तापवून मऊ केल्यावर ज्वलनाचा दाब चांगला सोसते, म्हणून शर्यतीच्या इंजिनांत त्याला मान आहे. पण पाणी आणि तेल रोखण्यात ते उणे पडते आणि रोजच्या वापराच्या गाडीला ते सोयीचे नाही. आजच्या टर्बो इंजिनांत बहुतेक करून पोलादी पत्र्यांचे अनेक थर असलेले गॅस्केट वापरतात. त्याच्या थरांवर उठवलेल्या वळ्या स्प्रिंगसारख्या वागतात. हेड क्षणभर किंचित उचलले गेले तरी त्या उसळून फट भरून काढतात. पण ह्या गुणाची एक अट आहे : त्याच्या वरखालचे पृष्ठभाग अत्यंत सपाट आणि गुळगुळीत हवेत. खरवडलेल्या किंवा घाईघाईने घासलेल्या हेडवर भारी किमतीचे पोलादी गॅस्केटही गळते.

आता काश्मिरी गेटच्या त्या प्रश्नाकडे पुन्हा वळू. डिझेल इंजिनात गॅस्केटच्या दोन-तीन जाड्या का ठेवतात? संपीडन मनाजोगे बदलता यावे म्हणून नव्हे; उलट, ते ठरल्या जागी राहावे म्हणून. दट्ट्या, दांडा आणि ठोकळा हे कितीही काळजीने घडविले तरी त्यांच्या मापांत केसभर फरक पडतोच, आणि दट्ट्या माथ्याला आल्यावर ठोकळ्याच्या पातळीहून किती वर येतो हे प्रत्येक इंजिनात थोडे वेगळे असते. ते डायल गेजने मोजावयाचे आणि त्या मापाला नेमून दिलेल्या जाडीचे गॅस्केट घ्यावयाचे, एवढाच त्या भोकांचा अर्थ. जुन्या गॅस्केटवरची भोके पाहून नवे घेणे हा दुसरा मार्ग. पण तो ठोकळ्याला किंवा दट्ट्याला मधल्या काळात हात लागला नसेल तरच भरवशाचा.

येथेच टॅक्सीवाल्याचे खरे नुकसान होते. मे महिन्यात पाणी संपून इंजिन तापले, हेड वाकले, सांधा फुटला. पांढरा धूर, पाण्याच्या टाकीत उठणारे बुडबुडे, तेलाला आलेला दुधट रंग ही त्याची लक्षणे. घाईत हेड घासून सपाट केले जाते आणि हाताला येईल ते गॅस्केट बसते. मऊ पडलेले जुनेच बोल्ट पुन्हा वापरले जातात. वास्तविक अनेक नव्या इंजिनांचे बोल्ट ठरलेल्या मर्यादेपर्यंत ताणून बसविण्यासाठीच घडविलेले असतात आणि एकदा काढले की बदलावे लागतात. ते मधून बाहेर अशा क्रमाने, टप्प्याटप्प्याने आणि नेमक्या अंशांनी आवळावयाचे असतात, हेही घाईत राहून जाते. गाडी चालू होते, आणि काही महिन्यांनी पुन्हा तोच धूर दिसतो. दोष मात्र गॅस्केटच्या माथी मारला जातो.

म्हणून गाडीच्या मालकाने, तंत्रातले त्याला काही कळत नसले तरी, दुरुस्तीपूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. दट्ट्याची उंची मोजली काय? हेड किती घासले, आणि ह्या इंजिनाचे हेड घासण्याची परवानगी तरी आहे काय? बोल्ट नवे आहेत काय? आणि मुळात इंजिन तापले कशाने, हे सापडले काय? गाडी अधिक जोमदार करण्याची हौस असणाऱ्याने आणखी एक विचारावे : जो जास्तीचा दाब आपण भरणार आहोत, तो सोसणारे दट्टे, इंधन आणि थंडाव्याची सोय आपल्याजवळ आहे काय? ह्या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर गॅस्केट निवडणे अवघड राहत नाही. ज्या जाडीचे नेमून दिले आहे, ज्या द्रव्याचे सांगितले आहे, तेच घ्यावे आणि स्वच्छ, सपाट पृष्ठभागावर सावकाशीने बसवावे. मग दुकानदाराने ‘किती भोकांचे?’ म्हणून विचारले, तर गिऱ्हाइकाला गोंधळण्याचे कारण उरणार नाही.